डावा कान

हिंदुराव पैलवान काळा कोट घालून विट्याच्या कोर्टात उभा राहिला, की बघणाऱ्याला आधी कोटाची कीव यायची. गळ्यातली पांढरी पट्टीसुद्धा त्याला शिंप्याकडून वेगळी शिवून घ्यावी लागली होती. दोन्ही कान मोडून शेंगोळ्यासारखे झालेले, चालताना एका गुडघ्यात लचक, आणि आवाज असा की न्यायाधीशसाहेब कधीमधी म्हणायचे, "वकीलसाहेब, मी इथंच बसलोय." आसपासच्या गावची माणसं भांडणं घेऊन त्याच्याकडे यायची ती निम्मी कायद्यासाठी आणि निम्मी त्या कानांसाठी. असे कान असलेला माणूस आपल्या बाजूला आहे म्हटल्यावर समोरच्याची बोबडी वळते असा त्यांचा समज होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

ते कान त्यानं मातीत कमावले होते. सातारा-सांगलीकडची सगळी मैदानं त्यानं गाजवली, आणि एकाही मैदानात त्याच्या पाठीला माती लागली नाही. कुस्तीत तेवढंच बघतात. अंगाला, डोक्याला, नाकातोंडाला कितीही माती लागो, पाठीला लागली की पैलवान हरला. फलटणच्या मैदानात त्याचा गुडघा निखळला, तेव्हाही गडी पालथा पडून छातीनं माती धरून राहिला. वर बसलेल्या पैलवानानं उलटवायचा घाम फुटेस्तोवर प्रयत्न केला, शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. कुस्ती सुटली ती मग कायमचीच.

तेव्हा त्याला खांद्यावर टाकून मैदानाबाहेर आणला तो ज्ञानू वस्तादानं. ज्ञानू वस्ताद म्हणजे हिंगणवाडीच्या तालमीचा जीव. बायको लवकर गेली, पोरबाळ नाही, तालीम हाच संसार. अक्षरशत्रू माणूस, पण हिंदुराव खाटेवर पडून रडायला लागला तेव्हा म्हणाला, "गुडघा गेला, डोकं हाय न्हवं जाग्यावर? वकील हो. त्या धंद्यात बी समोरच्याला उचलायचंच असतंय." हिंदुराव सांगलीला कायदा शिकायला गेला, तर वस्ताद रोज सकाळच्या एसटीनं दुधाची किटली पाठवायचा. ड्रायव्हर तालमीतलाच. कायद्याच्या परीक्षेला दूध कशाला लागतं असं कुणी विचारलं, तर वस्ताद म्हणायचा, "डोकं काय हवेवर चालतंय व्हय?"

अशा माणसाच्या विरोधात हिंदुरावनं वकीलपत्र घेतलं. ते कसं घेतलं, हे त्याला स्वतःला नंतर कितीदा आठवून बघितलं तरी नीट सांगता आलं नसतं. एकदम घेतलं असतं तर त्याला तरी कळलं असतं. हळूहळू घेतलं.

नानासो म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन. हिंगणवाडीतल्या निम्म्या उसाचे मालक, आणि उरलेला ऊस कधी तोडायचा ते ठरवणारेही तेच. त्यांनी हिंदुरावला बंगल्यावर बोलावून चहा पाजला, कुस्त्यांच्या गोष्टी काढल्या, आणि मग म्हणाले, "पैलवान, जिल्हा परिषदेला आपला गट मोकळा झालाय. लोकांना तुमच्यासारखा मातीतला माणूस पायजे. मी तर तुमचंच नाव धरून बसलोय." हरभऱ्याच्या झाडावर चढवावं तर नानासोंनी. दुसऱ्या चहाच्या वेळी तालमीच्या जागेचा विषय निघाला. तालीम आणि तिच्यापुढचं कुस्तीचं मैदान ऐन रस्त्यावर होतं. कागदोपत्री जमीन नानासोंच्या वडलांची. नानासोंना तिथं व्यापारी संकुल बांधायचं होतं, आणि ज्ञानू वस्ताद जागा सोडत नव्हता. त्यानं उलटा दावाच लावला होता.

"वस्तादाला आपुन दुसरीकडं तालीम बांधून देऊ की," नानासो म्हणाले. "लादीची, नळाची. पण ही केस तुमीच चालवा. तुमी चालवली म्हंजे गावात वाईटपणा न्हाई."

हिंदुरावला हे पटलं. माणसाला जे पटवून घ्यायचं असतं ते लवकर पटतं. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, तेव्हा अंजना भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"आवं, वस्तादाच्या इरुद्ध?"

"इरुद्ध कसलं? कायद्याचा प्रश्न हाय."

"पठ्ठ्यानं वस्तादासंगं कुस्ती धरायची नसती म्हणं. तुमीच सांगत हुता."

"कोर्ट म्हंजे काय आखाडा हाय का?" हिंदुराव म्हणाला. अंजनानं भाकरी तव्यावर टाकली. ती त्या दिवशी करपली.

त्याला वाटत होतं, वस्ताद भडकेल, चार शिव्या देईल, मग आपल्यालाही थोडं बरं वाटेल. पण वस्तादानं नुसता निरोप पाठवला, "पोराचा धंदा हाय त्यो. मन लावून कर म्हणावं." यापेक्षा थोबाडीत दिली असती तर परवडली असती.

वस्तादाच्या बाजूनं वकील होता नागसेन. हिंगणवाडीच्याच बौद्धवाडीतला, हिंदुरावच्या बरोबरीचा. लहानपणी काही महिने तोही तालमीत जोर-बैठका मारायला येत होता. गावातल्या काही जणांनी कुरकुर केली, तेव्हा वस्ताद म्हणाला होता, "मातीला इचारून या, तिला चालत नसंल तर सांगा." नागसेनचं अंग काही कुस्तीत रमलं नाही, तो पुस्तकात रमला, पण हा दावा त्यानं फी न घेता घेतला होता.

दाव्याचं मर्म एका वाक्यात होतं. दुसऱ्याच्या जमिनीवर कुणी उघडपणे, मालकाला न जुमानता वर्षानुवर्षं बसला आणि मालकानं हूं की चूं केलं नाही, तर कायद्यानं ती जमीन बसणाऱ्याची होऊ शकते. पण मालकाच्या परवानगीनं बसला असेल, तर पिढ्या गेल्या तरी तो पाहुणाच. वस्तादाचं म्हणणं सरळ होतं. रान पडीक होतं, पोरांनी दगडगोटे वेचले, माती आणून टाकली, तालीम उभी केली. कुणी दिली नाही आणि कुणाला विचारली नाही. तेच खरं होतं. हिंदुरावला ते खरं असल्याचं माहीत होतं, कारण त्या मातीत ताक आणि हळद कालवायला तो स्वतः होता.

शहाण्णव सालचा पावसाळा सरता सरता वस्तादाची साक्ष निघाली. वस्ताद धुवट धोतर, गुलाबी फेटा, अशा थाटात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. जणू फडात पंच म्हणूनच बोलावलाय. नागसेननं विचारलेल्या प्रश्नांना त्यानं खणखणीत उत्तरं दिली. मग हिंदुराव उलटतपासाला उठला. समोर उभा राहून त्यानं इकडचे तिकडचे प्रश्न घातले, आणि म्हातारा कुठेही सापडेना. एकेक प्रश्न असा झटकून टाकत होता की मागच्या बाकावरची माणसं हसायला लागली. परवानगीचा प्रश्न हिंदुरावनं अजून काढलाच नव्हता. समोरून काढला तर काय उत्तर येणार ते त्याला ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत नानासोंचा माणूस जवळ येऊन म्हणाला, "साहेब इचारत्यात, जमंल का पैलवानास्नी? न्हाईतर सांगलीचा मोठा वकील आणू." हिंदुरावचा डबा तसाच राहिला.

आणि तेव्हाच त्याला तो कान आठवला. आठवला म्हणणं खोटं आहे. तो कान त्याच्या डोक्यात सकाळपासून होता. एवढंच की आपण त्याकडे बघत नाही असं तो स्वतःला दाखवत होता.

ज्ञानू वस्तादाला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. तरुणपणी एका कुस्तीत कान असा फुटला की बाहेरून गाठ राहिली आणि आत काळोख झाला. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. वस्ताद नेहमी डावं अंग भिंतीला लावून बसायचा, आणि कुणी त्या बाजूनं बोललं आणि उत्तर आलं नाही, तर लोक म्हणायचे म्हातारा गर्विष्ठ आहे. गर्विष्ठ म्हटलेलं त्याला चालायचं, बहिरा म्हटलेलं नसतं चाललं. हिंदुरावला मात्र कळलं होतं. तालमीत राहायला होता तेव्हा एकदा थंडाईचा भलामोठा दगडी खल त्याच्या हातून वस्तादाच्या डाव्या बाजूला, अगदी पाठीशी पडला, आणि वस्तादाची पापणीसुद्धा हलली नाही. हिंदुराव तेव्हा काही बोलला नाही. नंतरही बोलला नाही. वस्तादाचं गुपित सांभाळतो याचा त्याला अभिमान वाटायचा.

सुट्टीनंतर कोर्ट पुन्हा बसलं. पंखा खडखडत होता, टायपिस्टाचं मशीन कडकडत होतं. हिंदुराव कागद हातात घेऊन पुढं झाला आणि बोलता बोलता साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. कागद दाखवायचा म्हणून जवळ गेला, असं कुणालाही वाटावं. त्यानं आवाज खाली आणला. ज्या माणसाला आवाज खाली आणायला न्यायाधीशांना सांगावं लागायचं, त्यानं तो आपणहून आणला.

"माझं म्हणणं असं आहे," तो म्हणाला, "की ही जागा तुम्ही नानासोंच्या वडलांच्या परवानगीनं वापरत आलात, आणि परवानगी काढून घेतली की ती सोडायची असंच ठरलं होतं. हे खरं आहे?"

हे बोलताना त्याला वर बघवेना. मान आपोआप खाली गेली, हात पिंजऱ्याच्या लाकडावर टेकला. वस्तादानं तोंड वळवून त्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं. म्हाताऱ्याचा चेहरा असा मऊ झाला, की तो हिंदुरावनं पाहिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो कागदाकडे बघत होता.

"व्हय," वस्ताद म्हणाला आणि कठड्यावरून हात काढून त्यानं हिंदुरावच्या पाठीवर थाप मारली.

कोर्टात हशा पिकला. साक्षीदारानं विरुद्ध बाजूच्या वकिलाला शाबासकी दिल्याचं तिथं कुणी पाहिलं नव्हतं. नागसेन ताडकन उठला. "साहेब, साक्षीदाराला प्रश्न ऐकू आलेला नाही!"

न्यायाधीशांनी टायपिस्टाला थांबवलं आणि वस्तादाकडे वळून विचारलं, "बाबा, वकिलांनी काय विचारलं ते ऐकू आलं का तुम्हाला?"

साहेब समोर होते आणि मोठ्यानं बोलत होते, त्यामुळं हे मात्र वस्तादाला लख्ख ऐकू गेलं. त्याची छाती पुढं आली.

"ऐकू याला काय झालं? बहिरा हाय व्हय मी? त्यानं इचारलं, मी व्हय म्हणालो. लिवा."

लिहिलं गेलं.

दिवाळीच्या आगेमागे निकाल लागला. तालीम गेली, मैदान गेलं. नानासोंनी दुसरीकडं बांधून देतो म्हटलेली लादीची तालीम कुणी पुन्हा तोंडातून काढली नाही. वस्ताद आपली ट्रंक घेऊन मारुतीच्या देवळाच्या ओवरीत राहायला गेला. व्यायामाची पोरं दोन-चार दिवस देवळात आली, मग पांगली. पाडापाडीच्या आदल्या दिवशी वस्तादानं आखाड्यातली थोडी माती फडक्यात बांधून घेतली, असं अंजना पाण्याच्या नळावर ऐकून आली. तिनं ते हिंदुरावला सांगितलं आणि ती आत निघून गेली.

वकिलांच्या खोलीत एकदा नागसेन शेजारी येऊन बसला. अपील का केलं नाही असं हिंदुरावनं त्याला विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

"वस्ताद न्हाई म्हणाले. चितपट झाल्यावर परत हात मिळवायचा नसतो म्हणाले." नागसेननं खुर्ची जवळ ओढली. "जागा त्यांच्याच तोंडानं गेली हे मी त्यास्नी सांगितलं न्हाई गड्या. कायदाच तसा हाय म्हणून सांगितलं. तू बी सांगू नगंस. म्हातारा खचंल. पर मला एक कळंना झालंय. माणूस एवढा ताठ, मग व्हय म्हणालाच कसा?"

"म्हातारपण," हिंदुराव म्हणाला, आणि पाणी प्यायला उठला.

त्या हिवाळ्यात त्याला शरमेनं धड झोप लागली नाही, धड जेवण गेलं नाही. लोक अभिनंदन करायचे तेव्हा तो हात जोडायचा, आणि आपण कुणाच्या तरी तेराव्याला हात जोडतोय असं त्याला वाटायचं. नानासोंच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, "पैलवान, म्हाताऱ्याला कंच्या डावानं पाडला?" तो म्हणाला, "बाहेरची टांग," आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसला. ते हसू त्याला घरी आल्यावर आठवलं. देवळावरून जायचा रस्ता त्यानं सोडला. नागसेननं सांगू नको म्हटलंय, म्हणून आपण गप्प आहोत, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. वकील माणूस, स्वतःच्या बाजूनं मुद्दा काढता येतोच. पण हा मुद्दा त्याच्या स्वतःच्या कोर्टात टिकेना.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. भिंतीभिंतींवर चुन्यानं नाव रंगलं, पैलवान अ‍ॅडव्होकेट हिंदुराव. अर्ज भरायला निघण्याआधी हिंगणवाडीत सभा ठेवली होती, आणि नानासोंनी ती मुद्दाम जुन्या कुस्तीच्या मैदानावर ठेवली. संकुलाचे खांब एका बाजूला उभे राहत होते, दुसऱ्या बाजूला स्टेज. "वस्ताद आला पायजे," नानासो म्हणाले. "त्यानं पठ्ठ्याच्या पाठीवर हात ठेवला, की केसचा विषय कायमचा मिटला."

हिंदुरावनं देवाला हात जोडले, की म्हातारा न येवो. म्हातारा आला. धुवट धोतर, गुलाबी फेटा, आणि फेट्याच्या लोंबत्या शेमल्यात गाठ मारून काहीतरी बांधलेलं. हलग्या वाजल्या. पोरांनी त्याला हातावर उचलून स्टेजवर आणून खुर्चीत बसवला. अंजना बायकांच्या घोळक्यात पुढं बसली होती. नागसेन सभेला आला नव्हता, पण रस्त्याच्या कडेला सायकलीला टेकून उभा होता.

नानासोंनी वस्तादापुढं माइक धरला. "बोला वस्ताद. आशीर्वाद द्या."

"आशीर्वाद मी कवाच दिलाय," वस्ताद म्हणाला. "ह्यानं कोर्टात सगळ्यांम्होरं मागितला, तवाच."

हिंदुरावला काही समजेना.

"जुन्या गड्यांना ठावं हाय," वस्ताद सांगू लागला. "आपल्या तालमीची एक रीत हाय. फडात उतरायच्या आधी पठ्ठ्यानं वस्तादाच्या डाव्या अंगाला यायचं, मान वाकवायची, आनि इचारायचं, उतरू का वस्ताद? म्या व्हय म्हणलं की मगच मातीत पाय टाकायचा. का डाव्या अंगाला, ते मी कुणाला सांगितलं न्हवतं. आज सांगतो. आता तालीम न्हाई, लपवायचं कुणासाठी? माझा डावा कान गेलेला हाय. लय वर्सं झाली. ह्या कानानं तोफ डागली तरी मला कळायचं न्हाई."

मैदानावर कुजबुज झाली. वस्तादानं हात वर केला.

"हलग्या वाजत असत्यात, लोक वरडत असत्यात, त्या गोंधळात कान काय करायचाय? पोराचं मला ऐकायला लागत न्हाई. वाकलेली मान बघितली की कळतंय. ह्यो हिंद्या कोर्टात माझ्या इरुद्ध हुता. काळा कोट घातल्याला, मोठा वकील. तरी भर कोर्टात माझ्या डाव्या अंगाला आला, मान वाकवली, आनि इचारलं. इलेक्शनला ह्याचं नाव निघालंय हे गावात झालंच हुतं. मला कळलं, गडी आता इलेक्शनच्या फडात उतरतोय. म्या व्हय म्हणालो. साहेबांनी इचारलं, ऐकू आलं का? म्या खोटं बोललो, आलं म्हणालो. देवा-धर्माची शपथ घेऊन खोटं बोललो, पाप लागलं तर लागंल. पर पोरगं उतरू का इचारतंय आनि वस्ताद न्हाई ऐकलं म्हणतोय, असं कुठं असतंय व्हय?" त्याचे डोळे भरून आले होते. "जागा गेली. कायद्यानं गेली. जाऊ दे. पर जागा जाताना बी ज्यानं रीत सोडली न्हाई, असा गडी ह्या मातीनं दिला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हातारी माणसं डोळे पुसू लागली. हिंदुरावला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणी कशाला दुभंगते? तिच्यावर संकुलाचा पाया घातलेला. तो विसरून गेला होता. इतक्या कुस्त्यांना ज्या बाजूला वाकून त्यानं ते दोन शब्द विचारले होते, ती बाजू, ती रीत, तो साफ विसरला होता, आणि त्या बाजूबद्दल त्याच्या लक्षात एवढंच राहिलं होतं की तिकडून ऐकू येत नाही.

नानासो मात्र हुशार. ते टाळ्या वाजवता वाजवता हिंदुरावकडे वळले, त्यांचे डोळे बारीक झाले, आणि त्याच्या कानाशी लागून म्हणाले, "आयला पैलवान! डाव्या कानात इचारलं व्हय तुमी? हा डाव हुता व्हय! मानलं तुमाला." आणि त्यांनी त्याचा दंड दाबला. आयुष्यात इतकी शाबासकी मिळाली होती, तिच्यातल्या कुठल्याही शाबासकीनं त्याला इतकं घाणेरडं वाटलं नव्हतं.

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. नागसेनला त्याचं उत्तर मिळालं होतं. तो सायकल सोडून सरळ उभा होता आणि हिंदुरावकडे बघत होता. रागानं बघत असता तर हिंदुरावनं नजर दिली असती.

वस्तादानं फेट्याच्या शेमल्याची गाठ सोडली. आत तांबडी माती होती, जुन्या आखाड्यातली. त्यानं ती मुठीत घेतली आणि खुर्चीत सावरून बसला. "ये," तो म्हणाला. "फडातली रीत फडात व्हाया पायजे."

हलग्या पुन्हा सुरू झाल्या. हिंदुराव उठला. खुर्चीच्या उजव्या बाजूला माइक होता, उजवा कान होता, आणि तिकडून दोन शब्द बोलले असते तर सगळ्या गावानं ऐकले असते. तो दोन पावलं उजवीकडे गेलासुद्धा. मग त्याला खाली बसलेली अंजना दिसली, समोरची गर्दी दिसली, भिंतीवरचं नाव दिसलं. म्हातारा खचेल, त्यानं स्वतःला सांगितलं. आणि हे सांगतानाच आपण कुणाला वाचवतोय हेही त्याला कळत होतं. तो डाव्या बाजूला आला. त्यानं मान वाकवली, तोंड त्या मोडलेल्या कानापाशी नेलं.

"वस्ताद," तो म्हणाला, "मी तवा उतरू का म्हणालो न्हवतो. तुमचा ह्यो कान गेलाय, मला ठावं हुतं. म्हणून मुद्दाम हिकडनं आलो. जागा कायद्यानं न्हाई गेली. मी घेतली तुमची. तुमच्या तोंडनं घेतली. मला जोड्यानं मारा वस्ताद."

त्याचा आवाज फुटला होता. हलग्या कडाडत होत्या. वस्तादानं त्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला. "उतर."

आणि मातीनं भरलेल्या हातानं त्यानं हिंदुरावच्या पाठीवर दणकन थाप मारली.

लोकांनी शिट्ट्या मारल्या, फेटे उडवले. कार्यकर्त्यांनी हिंदुरावला ओढतच स्टेजवरून खाली आणलं. गर्दी बाजूला होत होती आणि तो मधून जीपकडे चालला होता. नागसेनच्या जवळून जाताना तो थांबला. नागसेननं तो पुढं गेल्यावर त्याच्या पाठीकडे पाहिलं. पांढऱ्याशुभ्र कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर तांबडा पंजा उमटला होता.

जीपजवळ नानासोंच्या ते लक्षात आलं. "अरं अरं, पैलवान, पाठीला माती लागलीया की. झाडा, झाडा. तहसीलदाराम्होरं जायचंय."

"राहू द्या," हिंदुराव म्हणाला.

तो जीपमध्ये चढला. रस्ता खडबडीत होता, गाडी आदळत होती, शेजारचे कार्यकर्ते मागं रेलून गप्पा मारत होते. हिंदुराव तेवढा विट्यापर्यंत सीटला पाठ न टेकता बसला.